आज समुद्रात उतरायचं का? नव्या माणसासाठी पाणी ओळखायची रीत

दर नोव्हेंबरात कुणीतरी नवा माणूस विचारतोच. लातूरहून, साताऱ्याहून नोकरीसाठी मुंबईत आलेला असतो. शनिवारी जुहूला किंवा गोराईला जातो, गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढतो आणि मला पाठवतो. "पाणी चहासारखं दिसतंय. पोहू का?"

फोटोवरून मला काहीच सांगता येत नाही, आणि आधी तेच सांगतो. किती वाजलेत ते सांग, आज तिथी कोणती ते सांग, आणि तू उभा आहेस तिथून सगळ्यात जवळचा नाला किती लांब आहे ते सांग. मग बोलू.

मी स्वतः कृष्णेत पोहायला शिकलो. नदीचं गणित सोपं असतं. पाणी एका दिशेनं जातं, त्यामुळे वरच्या अंगाला काय आहे एवढंच बघायचं. वर गाव असेल, गुरं धुवायची जागा असेल, तर त्याच्याही वर जाऊन उडी मारायची. समुद्रावर आलो तेव्हा पहिली काही वर्षं मी गोंधळलेलो होतो, कारण समुद्राला वरचं अंग नसतं असं वाटायचं. असतं. फक्त ते दर सहा तासांनी बदलतं. पुढचं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे.

रंगावर जाऊ नका

मुंबई आणि उत्तर कोकणातलं पाणी वर्षातला बराच काळ गढूळच असतं. इथं खाड्या जास्त, खाड्यांत गाळ जास्त आणि भरती-ओहोटीही मोठी. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती आणि ओहोटी यांतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. गोव्यात तो जेमतेम दोन मीटरच्या आसपास. एवढं पाणी रोज दोनदा आत-बाहेर होतं तेव्हा तळाचा गाळ ढवळून निघणारच. हा गाळ म्हणजे घाण नव्हे. अंगाला लागला तर धुतला की जातो.

उलट तारकर्लीचं पाणी हिवाळ्यात इतकं नितळ असतं की पायाची बोटं मोजता येतात. म्हणून नितळ पाणी सगळीकडे स्वच्छच, असं नाही. मैलापाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ज्या पाण्यात पोहून माणसं आजारी पडतात ते पाणी कित्येकदा छान निळं असतं.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे वाळू. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी कचरा उचलायला सुरुवात केली, अक्षरशः ढिगारे उपसले, आणि मार्च २०१८ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. फार मोठं काम. पण हा किनारा मालाड खाडीच्या तोंडाशी आहे, आणि वाळूवरचं प्लास्टिक उचलल्यानं खाडीतून येणारं पाणी बदलत नाही. वाळूची स्वच्छता आणि पाण्याची स्वच्छता हे दोन वेगळे विषय आहेत, आणि दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त विश्वास ठेवा. खारट, मासळीचा, शेवाळाचा वास समुद्राचाच. पण सडक्या अंड्याचा किंवा उघड्या गटाराचा वास आला तर आल्या पावली परत. पाण्यात करड्या-काळ्या रंगाचा वेगळा पट्टा दिसतोय, पृष्ठभागावर तेलाचं इंद्रधनुष्य आहे, लाटांच्या रेषेवर मेलेले मासे ओळीनं पडलेत, तरीही परत. पांढऱ्या फेसाला मात्र एकट्याला दोष देऊ नका. लाटा जोरात असल्या की स्वच्छ पाण्यालाही फेस येतो.

घरी बसून नकाशा उघडा

जायच्या आदल्या रात्री मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि किनाऱ्याची रेघ बोटानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. तीन गोष्टी शोधायच्या: खाडीचं तोंड, नाला आणि वाळूतून समुद्राकडे गेलेली सिमेंटची पेटी किंवा पाइप. महापालिकेच्या भाषेत या शेवटच्या प्रकाराला पातमुख म्हणतात. नाव पावसाळी पाण्याचं असतं, पण जिथं मलवाहिन्या अपुऱ्या आहेत किंवा वस्तीला जोडलेल्याच नाहीत तिथं बारमाही त्यातून काय वाहतं ते जवळ जाऊन बघा. जानेवारीत, पाऊस नसताना, पातमुखातून धार येत असेल तर ती पावसाची नाही एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही.

मुंबईत हे शोधायला फार वेळ लागत नाही. मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते. जुहूच्या दक्षिणेकडे इर्ला नाला समुद्राला मिळतो. ओशिवरा आणि पोयसर या नद्या मालाडच्या खाडीकडे जातात, दहिसर नदी उत्तरेला मनोरीच्या बाजूनं. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी समुद्रात तीनेक किलोमीटर आत नेऊन सोडण्यासाठी लांब वाहिन्या आहेत. त्या किनाऱ्यापासून दूर सोडतात हे खरं, पण शहरातला जो मैला त्या वाहिन्यांपर्यंत पोहोचतच नाही तो नाल्यांतूनच येतो. महापालिका सात नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभारते आहे, एकूण क्षमता दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर. ती सगळी पूर्ण क्षमतेनं चालू होईपर्यंत नाल्याच्या तोंडाशी पोहण्याचा विचारही करू नका, आणि झाल्यावरही मी आधी वर्षभर आकडे बघेन.

कोकणात नाल्याऐवजी पऱ्या किंवा वहाळ शोधा. गावातून येणारा छोटा ओढा उन्हाळ्यात वाळूतच जिरलेला दिसतो, पण त्याच्या काठाला लॉज आणि होमस्टे किती झालेत ते मोजा. बहुतेकांचा मैला शोषखड्ड्यात जातो, आणि पुळणीतल्या वाळूत पाणी पातळीला लागूनच असतं. चार खोल्यांसाठी खणलेल्या खड्ड्यावर लाँग वीकेंडला चाळीस माणसं आली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कारखान्यांची बाजू आणखी वेगळी. तारापूर एमआयडीसीचं पाणी नवापूरजवळ समुद्रात सोडलं जातं. लोटे-परशुरामच्या वसाहतीचं पाणी दाभोळ खाडीत करंबवणे भागात जातं आणि तिथल्या मच्छीमारांच्या मेलेल्या माशांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. गोव्यात मडगावच्या बाजूनं येणारी साळ नदी बेतुलला समुद्राला मिळते. प्रदूषित नद्यांच्या यादीत तिचं नाव आहे. या ठिकाणांच्या आसपासचे सगळेच किनारे वाईट असं मी म्हणत नाही. पण खाडीच्या तोंडाशी उतरायचं की दोन किलोमीटर पुढं जाऊन उतरायचं, हा निर्णय तुमच्या हातात आहे.

किती लांब म्हणजे पुरेसं लांब? अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका उपसागरात १९९५ च्या उन्हाळ्यात हजारो पोहणाऱ्यांची पाहणी झाली होती. पावसाळी नाल्याच्या तोंडासमोर पोहणाऱ्यांना ४०० यार्ड, म्हणजे साधारण ३६५ मीटरपेक्षा लांब पोहणाऱ्यांच्या तुलनेत ताप, उलट्या, कान वाहणे अशा तक्रारी जास्त होत्या. तिथले नाले आपल्यापेक्षा बरे आहेत हे धरून मी अर्धा किलोमीटर ठरवलंय. खाडी असेल तर त्याहून जास्त.

आकडे कुठे मिळतात आणि ते कसे वाचायचे

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ दर महिन्याला ठरलेल्या ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेतं. जुहू, वर्सोवा, गिरगाव चौपाटी, दादर, वरळी ही ठिकाणं त्यात आहेत. आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. गोव्यात हे काम तिथलं राज्य मंडळ करतं.

तक्ता उघडला की नवा माणूस 'जलगुणवत्ता निर्देशांक' नावाचा रकाना बघतो, त्यात बरा शेरा दिसतो, आणि तो टॉवेल घेऊन निघतो. थांबा. हा निर्देशांक चार गोष्टी एकत्र करून काढतात: पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जंतू किती प्राणवायू खातात ते), आम्लता म्हणजे पीएच आणि फीकल कोलिफॉर्म. समुद्राच्या लाटांमुळे प्राणवायू बहुधा चांगला असतो, पीएच तर जवळजवळ नेहमीच ठीक असतो, आणि या दोघांच्या जोरावर एकूण गुण वर चढतात. गणित, विज्ञानात पैकीच्या पैकी आणि भूगोलात नापास झालेल्या पोराची टक्केवारी असते ना, तसं. पोहणाऱ्याला फक्त भूगोलाचे मार्क बघायचे आहेत, म्हणजे फीकल कोलिफॉर्मचा रकाना.

फीकल कोलिफॉर्म म्हणजे माणसांच्या आणि गुरांच्या आतड्यांत राहणारे जंतू. ते स्वतः फारसं काही करत नाहीत. पण ते सापडले म्हणजे पाण्यात मैला आला आहे, आणि मैल्याबरोबर पोट बिघडवणारं बाकी बरंच काही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं समुद्राच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केलेत. पोहण्याचं पाणी दुसऱ्या वर्गात, 'एसडब्ल्यू-दोन'मध्ये. त्यात फीकल कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलिलिटरमागे १००. शिवाय बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम. पहिला आकडा पाठ केलात तरी पुरे.

हा आकडा निघतो कसा, ते एकदा प्रयोगशाळेत जाऊन बघितलं होतं. स्टँडमध्ये पाच-पाच नळ्यांच्या तीन रांगा. प्रत्येक नळीत खाद्याचं पाणी, आणि त्यात बोटाच्या पेराएवढी दुसरी इवली नळी उलटी बुडवलेली. समुद्राचं पाणी तीन वेगवेगळ्या प्रमाणांत घालायचं आणि उबदार पेटीत ठेवायचं. जंतू वाढले की वायू सोडतात, आणि त्या उलट्या नळीच्या टोकाला बुडबुडा अडकतो. मग वायू धरलेल्या नळ्यांतलं थोडं दुसऱ्या नळ्यांत घालून ४४.५ अंशाला ठेवायचं. एवढ्या उष्णतेत फक्त आतड्यातली जमात टिकते. शेवटी कोणत्या रांगेत किती बुडबुडे आले ते कोष्टकात बघायचं. म्हणून आकड्यापुढे 'एमपीएन' लिहितात: नेमकी मोजणी नव्हे, सर्वांत संभाव्य संख्या.

यातून दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, तक्त्यात १६०० किंवा १८०० च्या पुढे अधिक चिन्ह दिसलं तर पंधराच्या पंधरा नळ्यांत बुडबुडा आला. खरी संख्या त्याच्या कितीतरी पट असू शकते. कोष्टक तिथं संपलं इतकंच. दुसरी, या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. तुम्ही वाचता तो आकडा नेहमी जुना असतो. म्हणून एका महिन्याचा आकडा बघून काही ठरवू नका. मागच्या दोन-तीन वर्षांचे बघा. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत बहुतेक वेळा शंभराच्या आत असेल तर किनारा माझ्या यादीत येतो. दर दुसऱ्या महिन्याला हजार ओलांडत असेल, तर एखाद्या महिन्याचा ४० हा आकडा मला भुलवत नाही.

विहिरीच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीत ती काळी पडणारी बाटली मिळते, तिनं समुद्राचं पाणी तपासू नका. समुद्रात मुळातच सल्फेट भरपूर आणि त्यावर जगणारे जंतूही, त्यामुळे बाटली मैला नसतानाही काळी पडू शकते. खरंच तपासायचं असेल तर चार-पाच जणांनी वर्गणी काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन वीतभर खालून भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि सहा तासांच्या आत पोहोचवा. फीकल कोलिफॉर्मबरोबर एन्टेरोकोकाय मागा. हे जंतू खाऱ्या पाण्यात जास्त काळ टिकतात, म्हणून समुद्रासाठी जास्त भरवशाचे.

आता ब्लू फ्लॅगबद्दल, कारण हल्ली जाहिरातीत हा शब्द फार दिसतो. डेन्मार्कमध्ये मुख्यालय असलेली संस्था ३३ निकष लावून हा निळा झेंडा देते. भारतात २०२० मध्ये पहिल्यांदा आठ किनाऱ्यांना मिळाला, त्यात पुरीचा गोल्डन बीच, कर्नाटकातले कासरकोड आणि पडुबिद्री होते. महाराष्ट्राचा नंबर २०२५ मध्ये लागला: पालघरमधला पारनाका, रायगडमधले श्रीवर्धन आणि नागाव, रत्नागिरीतले गुहागर आणि लाडघर. झेंड्याची पाण्याची अट कडक आहे आणि हंगामात किमान पाच नमुने घ्यावे लागतात, दोन नमुन्यांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. निकाल किनाऱ्यावर फलकावर लावावे लागतात. हाच त्यातला सगळ्यात उपयोगी भाग. झेंडा एका हंगामापुरता असतो आणि किनाऱ्याच्या ठरावीक पट्ट्यापुरता. तिथं गेलात तर झेंड्याबरोबर सेल्फी काढा, पण आधी फलकावरची तारीख वाचा.

तिथीची पाऊणपट

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मुंबईतली बरीच पातमुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती चढली की समुद्राचं पाणी शहरात शिरू नये म्हणून दारं लावतात, किंवा पाणी आपसूकच आत तुंबून राहतं. नाले फुगतात, खाड्या फुगतात. ओहोटी लागली की हे सगळं एकदम बाहेर पडतं. म्हणजे भरतीच्या वेळी वरचं अंग समुद्राकडे असतं आणि ओहोटीच्या वेळी गावाकडे. नदीत पोहणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरतं.

मला हे उशिरा कळलं. पावसाळा संपता संपताची गोष्ट, मुंबईतल्याच एका किनाऱ्यावर सकाळी आठला एकटाच पोहत होतो. पाणी शांत, किनारा रिकामा, मी खूश. बाहेर आलो तर जाळं विणत बसलेल्या एका कोळी काकांनी वर न बघताच म्हटलं, "सुकती लागली की भाऊ. आता गावाची घाण येणार." सुकती म्हणजे ओहोटी. मी हसलो. तिसऱ्या दिवशी उजवा कान इतका ठणकला की त्या कुशीवर झोपता येईना. त्यानंतर काकांकडून हिशोब शिकून घेतला.

हिशोब असा. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. आली ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल असो वा वद्य, हिशोब तोच; पौर्णिमा आणि अमावास्या पंधरा धरायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, मुंबईपासून लांब गेलात की थोडं आणखी. नेमकी वेळ मोबाइलवर मिळते, पण बसमध्ये उभं राहून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघून अंदाज बांधायला पाऊणपट पुरेशी आहे.

भरती चढायला सुरुवात झाली की लगेच उतरू नका. पहिल्या दीड-दोन तासांत जी घाण ओहोटीनं बाहेर नेली तीच परत किनाऱ्याकडे ढकलली जाते. चढत्या भरतीचे शेवटचे दोन तास सगळ्यात चांगले. तेव्हा बाहेरचं, मोकळ्या समुद्राचं पाणी आलेलं असतं. भरती पूर्ण झाली की बाहेर या. ओहोटीत पोहू नये असं कोकणात लहानपणापासून सांगतात ते माणूस आत ओढला जातो म्हणून; स्वच्छतेचं कारणही तेच उत्तर देतं. एका दगडात दोन पक्षी.

यात उन्हाचा हिशोब मिळवा. कडक ऊन मैल्यातले जंतू काही तासांत मोठ्या प्रमाणात मारतं. म्हणून पहाटेच्या पाण्यात ते जास्त सापडतात, दुपारी कमी. सूर्य वर आलेला आणि भरती चढती, असा मेळ जमतो तो एकादशी ते त्रयोदशी या दिवसांत, सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाची भरती. आमच्या पोहणाऱ्यांच्या गटातल्या दोन काकू एकादशीचा उपास करूनच येतात, पोहून झाल्यावर शेंगदाण्याचा लाडू. उन्हातला दुसरा मेळ चतुर्थी ते षष्ठीच्या दुपारी, पण तेव्हा पाठ भाजते.

या दिवसांत जायचंच नाही

जोराचा पाऊस झाल्यावर पुढचे तीन दिवस. अवकाळी असला तरी. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तर महिनाभर नाही, कारण आठ महिन्यांचं गटारात साचलेलं सगळं तेव्हा एका दमात समुद्रात येतं. तसं पाहिलं तर जून ते सप्टेंबर पोहण्याचा विषयच नसतो. समुद्र खवळलेला असतो आणि जीवरक्षकही उतरू देत नाहीत. ऐकत जा त्यांचं.

मे अखेरीपासून पावसाळाभर किनाऱ्यांवर डांबरगोळे येतात, जुहूपासून अलिबाग, गोव्यापर्यंत. भर समुद्रातल्या तेलाचे, जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्याचे हे अवशेष, नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं किनाऱ्याला लागतात. पायाला चिकटले तर खोबरेल लावून चोळा, सुटतात. रॉकेल किंवा पेट्रोल लावू नका. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेल आणि कंटेनर दोन्ही समुद्रात गेले होते. असं काही घडल्याची बातमी आली तर सरकारी सूचना येईपर्यंत पाण्याला हातही लावायचा नाही.

जुलै-ऑगस्टात निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल वाहत येतात. वाळूवर मेलेलं दिसलं तरी त्याचे दोरे डसतात. डसलं तर वाळूनं घासू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, दोरे चिमट्यानं काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं धरा.

गणपती विसर्जनानंतर आठ-दहा दिवस थांबा. प्लास्टरचे तुकडे, रंग, तारा आणि खिळे हे सगळं उथळ पाण्यातच असतं, नेमकं पोरांच्या पायांच्या उंचीवर.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर

कपडे बदलण्याआधी दहा मिनिटं चाला. नकाशात दिसलेला नाला खरोखर किती लांब आहे, त्यातून आज काय वाहतंय, वारा कोणत्या बाजूचा आहे. नाल्याचं पाणी समुद्रात शिरल्यावर डावीकडे वळतंय की उजवीकडे ते तरंगणाऱ्या कचऱ्यावरून कळतं. तुम्ही दुसऱ्या बाजूला जा. मग जीवरक्षकाला किंवा शहाळंवाल्याला विचारा. "पाणी चांगलं आहे का" असं विचारलंत तर "एकदम मस्त" असंच उत्तर येणार, धंदा आहे त्यांचा. त्याऐवजी विचारा, "तुमच्या घरची पोरं कुठं डुंबतात?" ते बोट दाखवतील तिकडं जा. पोरं इथं डुंबतच नाहीत असं म्हणाले, तर तेही उत्तरच आहे.

लहान मुलांबद्दल एक गोष्ट दर रविवारी बघतो आणि दर रविवारी कुणाला तरी सांगावी लागते. लाटांना भिणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या पोराला आई-बाबा वाळूवरच्या छोट्या उथळ डबक्यात बसवतात. कोमट पाणी, लाट नाही, घोट्याएवढी खोली, पोर खूश. ते डबकं बहुतेकदा नाल्याचं किंवा वाळूतून झिरपलेल्या सांडपाण्याचं असतं. समुद्र त्याच्यात पोहोचलेलाच नसतो. डबक्याला वरच्या बाजूनं, वस्तीकडून, बारीकशी धार येते आहे का बघा. भरती-रेषेच्या वरच्या ओल्या वाळूतही अनेकदा पाण्यापेक्षा जास्त जंतू असतात. किल्ला जरूर बांधू द्या, पण बांधून झाल्यावर हात धुवूनच भेळ.

पाण्यात आणि नंतर

पोट बिघडतं ते गिळलेल्या पाण्यानं. तरणतलावात केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाऊण तासाच्या पोहण्यात मोठ्यांच्या पोटात सरासरी १६ मिलिलिटर पाणी गेलं, मुलांच्या ३७. म्हणजे मुलांनी सात चमचे. तलावात लाटा नसतात, समुद्रात असतात. शंका असेल त्या दिवशी डोकं वर ठेवून पोहा, सूर मारू नका.

ताजी जखम, शस्त्रक्रियेचे टाके, पायाची भेगाळलेली टाच असेल तर उतरू नका. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी जास्तच जपा. उबदार खाऱ्या पाण्यातले काही जंतू जखमेतून शिरतात आणि वेगानं पसरतात. पोहून आल्यावर जखमेभोवतीची लाली तासातासाला वाढत असेल, ताप असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा आणि समुद्रात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही.

बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं लगेच अंघोळ. घरून दोन बाटल्या पाणी न्या. किनाऱ्यावरच्या 'दहा रुपयात शॉवर'चं पाणी कुठल्या बोअरचं ते कुणालाच माहीत नसतं. मान एका बाजूला कलती करून कान रिकामा करा, टॉवेलच्या टोकानं बाहेरून पुसा. कापसाची काडी घालू नका, माझं तिथंच चुकलं होतं. दोन-तीन दिवसांनी कानाची पाळी ओढल्यावर कळ येत असेल तर बाहेरच्या कानाला लागण झाली आहे, घरचं तेल न घालता दाखवून या. जुलाब झाले तर ओआरएस, आणि ताप किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर.

घाण दिसली तर

नुसता फोटो समाजमाध्यमावर टाकून काही होत नाही. मुंबईत १९१६ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. इतरत्र नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, आणि कारखान्याचं पाणी वाटत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं विभागीय कार्यालय. तक्रारीत जागा, तारीख, वेळ आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी हे लिहा. शेवटचं कुणीच लिहीत नाही. मग तपासायला येणारा माणूस नेमका भरतीत येतो, पातमुख पाण्याखाली असतं, त्याला काही दिसत नाही आणि तक्रार बंद होते. आमची एक तक्रार अशी दोनदा बंद झाली. तिसऱ्या वेळी पाऊणपट करून आम्हीच लिहिलं: मंगळवारी पंचमी आहे, सकाळी दहा वाजता ओहोटीचा तळ असेल, तेव्हा या. साहेब सव्वादहाला आले, पाइपासमोर उभे राहिले आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.